हिवाळा ढकलू नकोस

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सकाळी उठवत नाही, संध्याकाळ कधी झाली ते कळत नाही आणि मधला वेळ नुसता ढकलायचा, हा ऋतू एकदाचा संपू दे, असं लिहिलंयस. खाली लगेच विचारलंयस की मन जागेवर ठेवा, कृतज्ञ राहा, आनंदी राहा असं जो तो सांगतो, पण करायचं म्हणजे नेमकं काय? प्रश्न अगदी रास्त आहे. मी उत्तर हिवाळ्यापुरतंच देते, कारण तुला आत्ता तोच काढायचा आहे.

आधी क्रमाबद्दल बोलू. बहुतेक जण कृतज्ञतेपासून सुरुवात करतात. झोपताना वही उघडायची आणि लिहायचं: घर, तब्येत, आईवडील, मैत्रिणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभरात हात लिहीत असतो आणि मन भलतीकडे असतं. मग वाटायला लागतं की आपल्या मनालाच ओलावा नाही. तसं काही नसतं गं. क्रम उलटा झालेला असतो, एवढंच. आधी लक्ष द्यावं लागतं. जी गोष्ट धड पाहिलेलीच नाही, तिच्याबद्दल आतून आभार वाटणार कसे?

लक्ष किती सहज सुटतं ते ऐक. २०१० साली मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनिएल गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० माणसांना दिवसभरात अवचित फोनवर विचारायचं: आत्ता काय करताय, मन त्या कामात आहे का, कसं वाटतंय? ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मन छानशा विचारात रमलेलं असलं, तरी ती माणसं कामात मन असणाऱ्यांपेक्षा जास्त सुखी नव्हती. वसंताची स्वप्नं बघत हिवाळा काढायचा तुझा बेत आहे ना, त्याबद्दल हे सांगतेय.

आता करायचं काय ते. आज रात्रीपासूनच सुरू कर.

अंथरुणात शिरलीस की पहिला क्षण बघ. पांघरूण गार लागतं, पाय आक्रसतात, अंगाचं मुटकुळं होतं. मग तीन-चार मिनिटांत ऊब यायला लागते. ती येते कुठून? लोकरीत किंवा कापसात स्वतःची उष्णता नसते. धाग्याधाग्यांत अडकलेली हवा तुझी उष्णता बाहेर जाऊ देत नाही, पांघरुणाचं काम तेवढंच. ऊब तुझीच असते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. झोपेत थोडी कमी. तू दमलेली असलीस, रडून आलेली असलीस, दिवस वाया गेला असं म्हणत पडलेली असलीस, तरी ते काम चालूच असतं.

त्या तीन-चार मिनिटांत फोन लांब ठेव आणि ऊब कुठून कुठे जाते तेवढं बघत राहा. आधी पोटाशी, मग मांड्यांत. पायाची बोटं सगळ्यात शेवटी. थंडीत शरीर हातापायांच्या कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि ऊब आतल्या अवयवांसाठी राखून ठेवतं, म्हणून बोटांची पाळी उशिरा येते. बोटं गरम झाली तो नेमका क्षण पकडता येतो का ते बघ. बहुतेक वेळा निसटेल, कारण मन तोवर उद्याच्या कामांवर पोचलेलं असेल. लक्षात आलं की पुन्हा पायाशी आणायचं. स्वतःवर चिडायचं नाही, ‘मला जमतच नाही’ असं म्हणायचं नाही. परत आणणं हाच सराव. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. त्यातला एक मुख्य सराव हाच आहे. पडल्या पडल्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष सावकाश फिरवत न्यायचं. पांघरुणात शिरताना तुला तो आयता मिळतो.

सकाळी बाहेर पडतेस तेव्हा थंडी पुरेशी असेल तर श्वास दिसतो. आतली उबदार, दमट हवा गार हवेला भेटते आणि बाष्पाचे बारीक थेंब होतात. एरवी लोक डोळे मिटून श्वास शोधत बसतात. तुला तो डोळ्यांसमोर दिसतोय, तर सोडलेला श्वास विरेपर्यंत नजर ठेव. असे पाच-सहा श्वास झाले तरी सकाळसाठी पुष्कळ.

आणि सकाळी उजेडात ये, हे मात्र ऐकच. दिवस ढगाळ असला तरी बाहेरचा प्रकाश घरातल्या दिव्यांच्या कित्येक पट असतो. आपल्या डोळ्यांत काही पेशी पाहण्यासाठी नसतातच. दिवस आहे की रात्र, एवढं त्या मेंदूला कळवतात आणि त्यावर झोपेचं घड्याळ लागतं. दिवे लावलेल्या खोलीतून उठून दिवे लावलेल्या खोलीत जाऊन बसलीस, तर त्या घड्याळाला सकाळ झाल्याचं कळायचं कसं? तुझं ते ‘उठवत नाही’ काही अंशी इथून येत असणार.

उजेडाबद्दल आणखी थोडं लिहिते, कारण हिवाळ्यावर लोकांचा सगळा राग अंधारामुळे असतो. उत्तर गोलार्धात सगळ्यात लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. पण सगळ्यात लवकरचा सूर्यास्त त्या दिवशी नसतो. तो आधीच होऊन गेलेला असतो. मध्यान्ह म्हणजे सूर्य दिवसातल्या सगळ्यात उंच जागी येतो तो क्षण. त्या सुमारास एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत २४ तासांहून सुमारे अर्धा मिनिट जास्त लागतो, त्यामुळे घड्याळातली सूर्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते. म्हणजे दिवस अजून लहान होत असतानाच सूर्यास्त उशिरा व्हायला लागलेला असतो. सकाळी मात्र जानेवारीतही काही दिवस आणखी उशिरा उजाडत राहतं. सगळे म्हणत असतात, ‘काय लवकर अंधार पडतो हल्ली’, आणि तेव्हाच अंधार मिनिटामिनिटाने उशिरा पडायला लागलेला असतो. कुणी बघत नाही म्हणून कळत नाही.

तू बघ. एकच खिडकी धर आणि रोज सूर्य दिसेनासा होण्याची वेळ लिहून ठेव. वेळेशेजारी आकाशाबद्दल दोन-चार शब्द. ‘सुंदर’ हा शब्द चालणार नाही, तो न बघताही लिहिता येतो. रंग कुठे संपतो, ढगाची कड कुठल्या बाजूने उजळते, असलं काहीतरी हवं.

दुपारी ऊन घरात किती आत येतं तेही बघ. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप उन्हाळ्यात कधी पोचत नाही इतकी खोलवर येते. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हा खेळ त्याचा. जानेवारीच्या सुरुवातीला तर पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, वर्षातल्या सगळ्यात जवळच्या ठिकाणी असते. जुलैतल्या अंतरापेक्षा ५० लाख किलोमीटर जवळ. कुडकुडताना हे आठवलं की मला फार बरं वाटतं.

रात्री आभाळ निरभ्र असेल तर मृग नक्षत्राचे तीन सरळ तारे शोध. त्यांची रेघ खाली वाढवलीस की व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. त्याचा जो प्रकाश आज तुझ्या डोळ्यांत शिरेल तो साडेआठ वर्षांपूर्वी निघालाय. तेव्हा तू शाळेत होतीस, माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर.

एवढं बघायला लागलीस की कृतज्ञता आपल्या पायांनी येते. नुसत्या नजरेतून ती माणसांपर्यंत पोचली पाहिजे, असं मात्र मला वाटतं. तुझ्या अंगातला स्वेटर हातात घे आणि शिवणीजवळ आतून उलटा करून बघ. टाके कुणीतरी जुळवलेत, बटणाच्या मागे दोऱ्याची गाठ कुणीतरी मारलीय. ते हात तुला कधी दिसणार नाहीत. पण काही हात दिसतात. तू गजर बंद करून कूस बदलतेस तेव्हा अंधारात उठून पहिली बस काढणारा असतो. रात्रपाळी संपवून घरी निघालेली परिचारिका असते. रस्ता झाडणारी बाई असते, तिच्या हातांना तुझ्यापेक्षा जास्त थंडी लागते. त्यांच्याबद्दल वहीत लिहिण्याआधी त्यांच्याकडे बघून दोन शब्द बोल. आभार मनात ठेवले तर त्यांचा उपयोग तुला एकटीलाच.

वही लिहायचीच असेल तर आठवड्यातून एकदा लिही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घेतला. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं नाही. रोजची झाली की ती हजेरी होते. आणि लिहिताना पाच गोष्टींची नावं टाकण्यापेक्षा एकाच गोष्टीवर पानभर लिही, शक्य तर ती घडलीच नसती तर काय झालं असतं ते लिही. तुझी ती मैत्रीण, जिच्याशी तू रोज बोलतेस, ती त्या वर्षी दुसऱ्या तुकडीत गेली असती तर? हा विचार जरा टोचतो, पण सवयीचं झालेलं माणूस पुन्हा नवं दिसायला लागतं.

आनंदाबद्दल तू सगळ्यात जास्त विचारलंयस आणि माझ्याकडे सांगायला सगळ्यात कमी आहे. गार हात कोमट पाण्याखाली धरलेस की एक क्षण अंगभर काहीतरी बरं पसरतं. त्याला आनंद म्हणायला संकोचू नकोस. ‘एवढ्याशाला काय आनंद म्हणायचं’ म्हणून आपण तो मोजत नाही आणि मग हिवाळाभर आनंद नव्हता असं पत्रात लिहितो. हात आणखी अर्धा मिनिट तसेच ठेव.

आता काळजीचं बोलते. हे सगळं मन जडावण्यावर आहे, आजारावर नाही. हिवाळ्यापुरती येणारी आणि दरवर्षी फिरून येणारी उदासी हा खरा आजार असतो. १९८४ साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं आणि प्रखर उजेडाचे उपचार तेव्हापासून होत आले आहेत. सलग दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, झोप खूप वाढली असेल किंवा उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही मिट आणि डॉक्टरांकडे जा. मला त्याच दिवशी फोन कर, कितीही वाजलेले असोत.

आणखी एक. ज्याला पांघरूण नाही त्याला कृतज्ञता शिकवायची नसते, पांघरूण द्यायचं असतं. आणि तुझ्यावर कुणी अन्याय करत असेल तर ‘जे आहे त्यात समाधान मान’ असं सांगून तुला गप्प करू देऊ नकोस, मी सांगितलं तरी. समाधान आणि सोसणं यांची गल्लत आपल्याकडे मुलींच्या बाबतीत फार होते.

जास्त लिहिलं. आजपासून दोनच गोष्टी कर: रात्री बोटांपर्यंतची ऊब आणि संध्याकाळी खिडकीतली वेळ. बाकीचं जमेल तेव्हा. आणि गेल्या वर्षी तुझ्या आजारपणात रोज येऊन बसणाऱ्या शेजारच्या आजींना तू अजून काही बोललेली नाहीस, असं तुझ्याच पत्रात आहे. त्या थंडीत बाहेर पडत नाहीत, तेव्हा तूच जा. काय बोललीस, त्या काय म्हणाल्या, ते मला सविस्तर कळव.

तुझी,
बाई