साडेतीन लाखांत लग्नं आणि कार्यक्रमांच्या शूटिंगसाठी कोणता कॅमेरा घ्यावा, सोनी की कॅनन?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बजेट साडेतीन लाख, कामं लग्नांची, मुलाखतींची आणि छोट्या-मोठ्या कार्यक्रमांची. बॉडी विचारलीत, लेन्स विचारलीत, गिंबल (कॅमेरा हलू न देणारा हातातला दांडा) आणि ड्रोनही विचारलात. 'माइक' हा शब्द अख्ख्या प्रश्नात कुठं नाही. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर सोनी-कॅननच्या भांडणात मी पडत नाही.

मी मिनी डीव्हीच्या कॅसेटपासून या धंद्यात आहे. सांगली-कोल्हापूर भागात लग्नं, सप्ताह, शाळांची स्नेहसंमेलनं, कारखान्यांच्या सभा, सगळं केलंय. सुरुवातीला मी आणि माझा मेहुणा भागीदार होतो. 'होतो' हे मुद्दाम लिहिलंय.

२०१४ साली ४के नवीन होतं. मेहुण्यानं कुठंतरी प्रदर्शनात पाहिलं आणि त्याच्या डोक्यात तेच बसलं. "दाजी, फुल एचडी आता कोण घेतंय?" मी म्हटलं, अरे आपण गिऱ्हाइकाला डीव्हीडी देतो. डीव्हीडीत एका फ्रेमला ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्याही आत ठिपके. ४केत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. बरोबर वीसपट. म्हणजे विसातले एकोणीस भाग आपण डीव्हीडी करताना फेकून देणार आणि पतसंस्थेचं व्याज मात्र विसाच्या वीस भागांवर भरणार. त्याला पटलं नाही. पतसंस्थेतनं कर्ज काढून मिररलेस बॉडी आणि दोन लेन्स आल्या. मला त्याच पैशातनं एक चांगला रेकॉर्डर आणि दोन कॉर्डलेस कॉलर माइक हवे होते, ४५ हजारांच्या आत बसत होते. त्यावर मेहुण्याचं उत्तर मला शब्दन् शब्द पाठ आहे: "साऊंड मिक्सरवरनं घेऊ की. एक पिन खोचली की झालं."

त्याच सप्टेंबरात एका साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा मिळाली. नाव लिहीत नाही, तिकडं अजून येणं-जाणं आहे. ज्यांनी ही सभा पाहिलेली नाही त्यांना सांगतो, लग्नापेक्षा अवघड काम. कारखान्याच्या आवारात पत्र्याचं शेड, आत काही हजार सभासद, स्टेजवर संचालक मंडळ, आणि प्रत्येक विषय वाचून झाला की एका बाजूनं "मंजूर, मंजूर" आणि दुसऱ्या बाजूनं "नामंजूर". पुढं वाद झाला तर कोण काय बोललं ते दाखवता यावं म्हणून शूटिंग करून घेतात. म्हणजे तिथं चित्राला तसं काही काम नसतं. चेअरमन कसे दिसतात हे सगळ्या तालुक्याला माहीत असतं.

सकाळी जाऊन साऊंडवाल्याच्या मिक्सरला मागं 'रेकॉर्ड आउट' होतं, तिथनं आरसीएची वायर काढली आणि साडेतीन एमएमची पिन कॅमेऱ्याच्या माइक जॅकमध्ये खोचली. हॅलो, माइक टेस्टिंग, एक दोन तीन. आवाज स्वच्छ. मेहुणा माझ्याकडं बघून हसला.

आता काय चुकलं ते सांगतो, कारण तुमच्याही हातनं हेच होणार आहे. माइकमधून येणारा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये मोजायचा. मिक्सरच्या आउटला येतो तो त्याच्या शंभरपटीच्या घरात. कॅमेऱ्याचा माइक जॅक पहिल्यासाठी बनवलेला असतो, आणि अनेक कॅमेऱ्यांत आत शिरल्या शिरल्या पहिल्या टप्प्यावरच सिग्नल वाढवला जातो. आवाज फाटतो तो तिथंच. मेनूतली ऑडिओ लेव्हल त्याच्या नंतर लागते. तुम्ही ती कमी केलीत की फाटका आवाज फक्त बारीक होतो, आणि स्क्रीनवरच्या आवाजाच्या पट्ट्या मात्र अगदी शहाण्यासारख्या निम्म्यावर नाचत राहतात. लाल कधी होतच नाहीत. सकाळी टेस्टिंगला एकच माणूस हळू बोलत होता म्हणून निभावलं. दुपारी ऊसदराचा विषय निघाला, सभासद उठले, गोंगाट वाढला, तसा साऊंडवाल्यानं मास्टर, म्हणजे मिक्सरवरचं सगळा आवाज एकदम वाढवणारं बटण, वर ढकलला. त्याचंही चूक नाही, त्याला मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा होता.

दुसरा कॅमेरा मागं स्टँडवर होता, त्याचा अंगचाच माइक चालू होता. म्हटलं, काही झालंच तर तो आहे. साडेबाराला पाऊस आला. पत्र्यावर पाऊस कसा वाजतो हे या भागातल्या माणसाला सांगायला नको.

पंधरा दिवसांनी विषय क्रमांक सातवरनं वाद लागला. तो मंजूर झाला की सभा गुंडाळली गेली, यावर दोन गट. कारखान्यानं आम्हाला लॅपटॉप घेऊन बोलावलं. चेअरमन साहेबांच्या केबिनमध्ये चहा आला, सात-आठ जण मागं उभे राहिले, मी फाइल लावली. चित्र बघून एक जण म्हणालाही, "काय क्लिअर आहे हो!" चेअरमन साहेबांच्या कपाळावरचा घाम दिसत होता, चष्म्याच्या काचेत पंखा फिरताना दिसत होता. आणि आवाज? खर्रर्र. खर्रर्र. मग थोडा वेळ शांत, मग परत खर्रर्र. मागच्या कॅमेऱ्यावर नुसता पाऊस.

विरोधी गट म्हणाला, संचालकांनी पैसे देऊन आवाज घालवला. संचालक म्हणाले, विरोधकांनी. आम्ही दोघं भाऊजी-मेहुणे मध्ये. बिल १८ हजारांचं होतं. अकाउंटला गेलो तर क्लार्क शांतपणे म्हणाला, "ऐकूच येत नाही त्याचं बिल काढू कसं?" त्याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

तो कॅमेरा चार वर्षांनी २८ हजारांना गेला. त्याच सुमारास पुण्यातल्या एका रेकॉर्डिस्टकडनं मी सेनहायझरचा ४१६ हा शॉटगन (समोरचाच आवाज टिपणारा लांबट) माइक सेकंडहँड घेतला होता, तो आजही रोज कामावर येतो. त्या माइकची रचनाच अशी आहे की दमट हवेचा त्याला फारसा त्रास होत नाही. कोकणातली लग्नं मी त्याच्यावर केलीत, तीही जूनमधली. कॅमेरा म्हातारा होतो, माइक होत नाही. हे वाक्य मेहुण्याला मी किमान शंभरदा ऐकवलंय.

आता तुमचं. सोनी की कॅनन? तुमच्या तालुक्यात शूटिंग करणाऱ्या चार पोरांकडं जे आहे ते घ्या. चेष्टा करत नाही. पहाटे पाचला हळद आहे, बॅटरी फुगली किंवा लेन्स पडली, तर तुम्हाला धावून येणार आहे तो शेजारच्या गावातला फोटोग्राफर, कंपनी नाही. त्याचा माउंट (बॉडीवर लेन्स बसायची जागा) आणि तुमचा माउंट एक पाहिजे. चित्राचा फरक गिऱ्हाइकाला कळत नाही, खरं सांगायचं तर अर्ध्या शूटिंगवाल्यांनाही कळत नाही. फक्त दोन गोष्टी बघून घ्या. कार्डाचे दोन स्लॉट पाहिजेत, आणि रेकॉर्डिंग सलग चाललं पाहिजे. जुन्या बऱ्याच स्टिल कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांना रेकॉर्डिंग बंद पडतं. युरोपात अर्ध्या तासाच्या वर रेकॉर्ड करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा धरून त्यावर जकात जास्त लागायची, म्हणून कंपन्यांनीच ती मर्यादा घातली होती. ती जकात युरोपातली, आणि काल्याच्या कीर्तनात ऐन गवळणीला बंद पडतो आपला कॅमेरा. सेकंडहँड घेताना हे तपासाच. आणि मेमधल्या लग्नात उन्हात तापून कोणता मॉडेल बंद पडतो ते दुकानदाराला विचारू नका, वापरणाऱ्याला विचारा.

साडेतीन लाखांतले निम्म्यापेक्षा जास्त बॉडी-लेन्सला घालू नका. लाखाच्या आसपास आवाजाला ठेवा: रेकॉर्डर, दोन कॉलर माइक, एक शॉटगन, बंद कानाचा हेडफोन. उरलेल्यात स्टँड, दोन लाइट, बॅटऱ्या, कार्डं आणि हार्डडिस्क. डिस्कचा हिशोब लोक विसरतात. सेकंदाला १०० मेगाबिट (एमबीपीएस) रेकॉर्डिंगला तासाला ४५ जीबी लागतात, दोन कॅमेरे सहा तास चालले की अर्धा टीबी गेला, आणि कॉपी दोन ठेवायच्यात. शेवटचे वीस-पंचवीस हजार कशालाच खर्च करू नका, ते दुरुस्तीचे.

दुरुस्तीवरनं आठवलं. बिलाशिवाय पाच-दहा हजार स्वस्त मिळतंय म्हणून मुंबईतनं माल उचलणारे मी बघितलेत. वॉरंटीचं कार्ड नसलं की सर्व्हिस सेंटरवाला हात लावायच्या आधी अंदाजपत्रक देतो. घेण्याआधी एक फोन करा: जवळचं सर्व्हिस सेंटर कुठं, दुरुस्तीला किती दिवस, सीझनमध्ये किती दिवस. सीझनमध्ये तीन आठवडे म्हणाले तर तो कॅमेरा तुमच्यासाठी नाही. आणि सोल्डरिंग शिका. एक्सएलआरला, म्हणजे मोठ्या माइकच्या गोल कनेक्टरला, तीन पिना असतात: एक शील्ड, दोन पॉझिटिव्ह, तीन निगेटिव्ह. एवढं यायला एक संध्याकाळ पुरते. पुण्याला गेलो की तपकीर गल्लीतनं मी कनेक्टर आणतो आणि केबली घरीच बांधतो. प्रत्येक केबलीला तारखेची चिकटपट्टी. कामावर एखादी खरखरली की तिथंच तिला गाठ मारायची, म्हणजे घाईत परत लावली जात नाही. पावसाळ्यात लेन्स कपाटात कोंडून ठेवू नका, बुरशी धरते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्या बदलत जा.

मिक्सरवरनं घेऊच नका असं नाही. मीही घेतो. पण रेकॉर्डरच्या लाइन इनपुटला (मिक्सरसारख्या मोठ्या सिग्नलसाठीच्या), किंवा मध्ये सिग्नल कमी करणारा पॅड घालून. ४८ व्होल्ट फँटम (माइकला वायरीतनंच दिली जाणारी वीज) बंद आहे ना, ते आधी बघून. ५० हर्ट्झची गुणगुण आली तर कॅमेऱ्याचा चार्जर काढून बॅटरीवर या, निम्म्या वेळा तेवढ्यानं जाते. नाही गेली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, छोटी डबी असते, बॅगेत कायम असू द्या. साऊंडवाल्याकडं तासभर आधी जा, चहा पाजा, वेगळा ऑक्स, म्हणजे मिक्सरमधनं आवाज बाहेर काढायची वेगळी वाट, मागा, म्हणजे त्यानं मास्टर ढकलला तरी तुमचं बिघडत नाही. आणि तरीही पोडियमवर स्वतःचा एक माइक चिकटवाच. लग्नात कॉलर माइक नवरीला लावू नका, शालूची जर आणि दागिने सगळं खाऊन टाकतात. नवरदेवाला लावा, एक गुरुजींना. २.४ गिगाहर्ट्झवाले छोटे कॉर्डलेस स्वस्त आणि चांगले आहेत, पण भरल्या हॉलमध्ये माणसांची गर्दी मध्ये आली की तुटतात. रिसीव्हर स्टेजजवळ ठेवा.

३२ बिट फ्लोटचा (आवाज कितीही मोठा आला तरी फाइलमध्ये न फाटणारा) रेकॉर्डर घेतला की प्रश्न मिटला, असं कुणीतरी खाली लिहीलच. मिटत नाही. मिक्सरमध्येच फाटलेला आवाज फ्लोटमध्ये फाटकाच येतो.

हेही सांगायला हवं: तुम्ही फक्त गाण्यावर कापलेली प्री-वेडिंग आणि रील्स करणार असाल तर माझं वरचं निम्मं सोडून द्या. तिथं मेहुण्याचं बरोबर आहे. लाइट घ्या, चांगली लेन्स घ्या, मजा करा.

आणि अजून एक, हे मी इतक्या वर्षांत घरात मान्य केलेलं नाही. त्या सभेत हेडफोन होता. माझ्याच गळ्यात होता. तासाभरानं कान दुखायला लागले, पट्ट्या बरोबर नाचत होत्या, म्हणून खाली केला, तो सभा संपेपर्यंत वर चढलाच नाही. मेहुणा हे प्रत्येक दिवाळीला जेवताना काढतो आणि मी विषय पाण्यावर, नाहीतर बासुंदीवर नेतो. चूक पिन खोचणाऱ्याची की न ऐकणाऱ्याची, ते तुम्हीच ठरवा. ४५ हजार त्या वेळी मला दिले असते तर प्रश्नच आला नसता, एवढंच मी म्हणेन.

ती फाइल अजून माझ्याकडं आहे. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी हेडफोन घालून त्याला ती ऐकवतो आणि विचारतो, विषय क्रमांक सात मंजूर झाला का? अजून एकालाही सांगता आलेलं नाही.

गिंबलचं राहिलंच. पहिले सहा महिने घेऊ नका. ड्रोनचं मेहुण्याला विचारा, तो आता तेवढंच करतो. त्याला आवाज लागत नाही.