सागाचं रान बोडकं, काजूच्या बुंध्याशी भुसा

प्रश्न : वाळपईजवळ डोंगरउतारावर आमची सागाची दोनेकशे झाडं आहेत. मिरगाच्या सुमारास नवी पालवी फुटली आणि आठवड्याभरात सगळं रान उघडंबोडकं झालं. झाडाखाली उभं राहिलं की पाऊस पडल्यासारखी टपटप ऐकू यायची. झाडं मेली का? फवारणी कोणती करू?

मेली नाहीत. तुम्हाला ऐकू आलेली टपटप म्हणजे वाळक्या पाचोळ्यावर पडणारी अळ्यांची विष्ठा. ही सागाची पानं खाणारी अळी, शास्त्रीय नाव हिब्लिया प्युएरा. पतंग शेकड्यांनी अंडी घालतो ती फक्त कोवळ्या पानांवर. अळी दहा-बारा दिवसांत पोटभर खाते, धाग्यावरून खाली उतरते आणि पाचोळ्यात कोष करते. म्हणजे रान बोडकं झाल्याचं लक्षात येऊन तुम्ही शेजाऱ्याचा पंप मागून आणेपर्यंत अळी जेवून उठलेली असते! तेव्हाची फवारणी म्हणजे पैसे पाण्यात, आणि पाणी खालच्या ओहोळात. साग थोड्याच दिवसांत पुन्हा पालवतो.

मग काहीच नुकसान नाही का? तर आहे, पण ते डोळ्यांना दिसत नाही. केरळात निलांबूरच्या कोवळ्या सागवनात पीचीच्या वन संशोधन संस्थेने काही झाडं या अळीपासून राखली आणि काही तशीच सोडली. सोडलेल्या झाडांच्या लाकडाची जी वाढ व्हायला हवी होती, तिच्यातली 44 टक्के बुडाली. झाड जगतं, घेर वाढत नाही. म्हणून तुमचा साग चार-आठ वर्षांचा असेल तर पालवी फुटताना आठवड्यातून दोनदा फेरी मारा. साथ बहुधा एखाद्या लहानशा पट्ट्यात सुरू होते आणि मग पसरते. तो पट्टा अळ्या बारीक असतानाच सापडला तर तेवढ्यावरच बीटी या जिवाणूजन्य औषधाची फवारणी पुरते. काही अळ्या मऊ पडून पानाला लोंबकळताना दिसल्या, फोडल्यावर आतून पाणी निघालं, तर त्यांना विषाणूने गाठलंय असं समजा आणि त्या तशाच राहू द्या. पीचीच्या संस्थेने याच विषाणूपासून औषध तयार केलं आहे. थोराड झाडांना मात्र काही करू नका. कोष मारायचे म्हणून पाचोळा तर मुळीच जाळू नका.

चवथीनंतर पानांची जाळी झालेली दिसली तर ती दुसरी अळी. ती शिरा तेवढ्या ठेवते. पानं तशीही गळायचीच असतात, त्यामुळे तिचं मनावर घेऊ नका.

प्रश्न : काजूच्या दोन जुन्या झाडांची पानं पिवळी पडून गळताहेत, फांद्या वाळताहेत. खत घातलं, उपयोग नाही. (काणकोण)

वर बघू नका, खाली बघा. बुंध्याशी, जमिनीलगत लाकडाचा ओला भुसा आणि डिंक दिसतोय का? दिसत असेल तर हा रोठा, म्हणजे खोडकिडा. तांबूस, लांब मिशांचा भुंगा सालीच्या भेगेत अंडी घालतो. अळी सालीखालचा जिवंत थर खात बुंध्याला वळसा घालते आणि मुळांतही उतरते. अन्नरसाची वाट बंद झाल्यावर खताने काय होणार?

पटाशी आणि धारदार कोयती घ्या. भुसा येतो तिथली मेलेली साल काढत अळीच्या मागे जा आणि ती मारा. पांढरट, जाडजूड, बोटाएवढी असते. निरोगी साल मात्र कापू नका. उत्साहाच्या भरात झाडाला अळीपेक्षा जास्त सोलणारी माणसं मी पाहिली आहेत. नंतर बुंध्याला 5 टक्के निंबोळी तेलाचं पाणी, म्हणजे लिटरला 50 मिली, चोपडा. थोडा साबण घातला तर तेल मिसळतं.

निम्म्याहून जास्त घेर पोखरला गेला असेल तर झाडाची आशा सोडा. पण मेलेलं झाड बागेत उभं ठेवू नका. आतल्या अळ्यांचे भुंगे बाहेर पडून शेजारच्या झाडांवर जातात. पावसाआधी ते मुळासकट काढा. बोंडू गोळा करायला हंगामात रोज वाकताच, तेव्हा प्रत्येक बुंध्याकडे एक नजर टाकायला वेगळा वेळ लागत नाही.

प्रश्न : काजूवर हुमल्यांची (चावऱ्या तांबड्या मुंग्यांची) घरटी झाली आहेत. कामगार चढत नाहीत. जाळू का?

नको. मोहोर आणि कोवळे शेंडे काळे पाडणाऱ्या ढेकण्या किडीवर हुमले तुटून पडतात. असा फुकटचा राखणदार मिळत नाही. चावतात हे खरं, पण काजू काही चढून काढायची नसते, खाली पडलेले बोंडू वेचायचे असतात.

प्रश्न : मट्टीच्या (ऐनाच्या) खोडावर पुरुषभर उंच मातीचा थर चढला आहे. वाळवी झाड खाऊन टाकेल ना? (सांगे)

बहुधा नाही. थर खरवडून पाहा. खालची जिवंत साल शाबूत असेल तर वाळवी फक्त वरची मेलेली साल खाते आहे. नुकत्या लावलेल्या रोपाची गोष्ट वेगळी, त्याची मुळं ती खरंच खाते. शिवाय श्रावणात ज्या रोयणीवरच्या (वारुळावरच्या) अळम्यांसाठी आपण मागाल तो भाव मोजतो, ती रोयण अशाच वाळवीची.

प्रश्न : घरामागच्या मोठ्या अकेशियाच्या बुंध्याला लाकडासारखी कडक, तपकिरी अळंबी आली आहे. झाड हिरवंगार आहे. ती काढून टाकली तर चालेल? (फोंडा)

अळंबी काढल्याने काही होणार नाही. फळ तोडलं म्हणून झाड जात नाही, तसंच हे. ती गॅनोडर्मा बुरशी असावी. बुरशीचं खरं अंग मुळांत आणि बुंध्याच्या गाभ्यात पसरलेलं असतं, तिथे औषध पोचत नाही. शेंडा हिरवा आहे यावर विसंबू नका. आधाराची मुळं कुजली तरी झाड बराच काळ हिरवं राहतं आणि आषाढातल्या एखाद्या वाऱ्यात मुळासकट आडवं होतं.

या आजच्या पत्रांत मला खरी काळजी वाटते ती तुमच्याच झाडाची, कारण त्याखाली घर आहे. लाकडी हातोड्याने बुंधा ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, किंवा झाड अलीकडे कलतंय असं वाटलं, तर थांबू नका. पण थेट करवतही लावू नका. 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे गोव्यात खाजगी जागेतलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्जासोबत अळंबीचा आणि घरापासूनच्या अंतराचा फोटो जोडा. तोवर त्या बाजूच्या खोलीत कुणाला झोपवू नका.