आई गेली, मग तिची जाणीव कुठे आहे?

प्रश्न : माझी आई जाऊन सहा महिने झाले. मन लागेना म्हणून एका ध्यानवर्गाला जाऊ लागलो. तिथे सांगितलं, की माणसाची चेतना मरत नाही, ती विश्वचैतन्यात मिसळते. आपला प्रत्येक विचार ‘आकाशिक नोंदीं’मध्ये जपला जातो आणि बुद्धांनीही हेच शिकवलं. ऐकून बरं वाटलं. पण हे खरंच बुद्धांचं म्हणणं आहे का? आणि डोळे मिटून बसलं की मला अधूनमधून पांढरा प्रकाश दिसतो. तो त्या चैतन्याचाच का?

उत्तर : बुद्धांनी हे शिकवलेलं नाही. उलट, अशाच एका समजुतीबद्दल त्यांनी एका भिक्षूला चांगलंच फटकारलं होतं. ही हकीकत मज्झिमनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या ३८व्या सुत्तात, म्हणजे उपदेशात, येते. साति नावाचा, कोळ्याचा मुलगा असलेला भिक्षू म्हणत असे, की एकच विज्ञान, म्हणजे जाणीव, न बदलता जन्मोजन्मी धावत राहते. श्रावस्तीच्या जेतवनात बुद्धांनी त्याला बोलावून विचारलं, कोणतं ते विज्ञान? तो म्हणाला, जे बोलतं, अनुभवतं, बऱ्यावाईट कर्मांची फळं भोगतं, ते. त्यावर बुद्धांनी अग्नीचा दाखला दिला. ज्याच्या आधारानं तो जळतो त्यावरूनच त्याला नाव मिळतं : लाकडाचा अग्नी, गवताचा अग्नी, शेणीचा अग्नी. तसंच डोळा आणि रूप यांमुळे उपजतं ते चक्षुविज्ञान, कान आणि आवाज यांमुळे श्रोत्रविज्ञान. तीस वर्षं पाली शिकवताना यातलं एक वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले : ‘अञ्ञत्र पच्चया नत्थि विञ्ञाणस्स सम्भवो.’ कारणावाचून जाणीव उपजत नाही.

फळ्यावर लिहिणं सोपं होतं. मग माझ्या आईची स्मृती गेली. मी खोलीत शिरले की तिचे डोळे माझ्यामागे फिरायचे, पण मी कोण हे तिला उमगत नसे. हात हातात घेतला की मात्र तिची बोटं घट्ट आवळली जायची. डोळ्यांची जाणीव होती, स्पर्शाची होती. ‘ही माझी मुलगी’ म्हणणारी तेवढी उरली नव्हती. या सगळ्याच्या मागे कुठेतरी माझी आई शाबूत बसलेली असावी, असं तेव्हा मलाही फार वाटे. तुमचं बरं वाटणं म्हणूनच मला कळतं.

त्या काळात संयुत्तनिकाय या अशाच दुसऱ्या संग्रहातलं एक सुत्त पुन्हा हाती आलं. एक वेळ शरीराला ‘मी’ म्हणा, असं त्यात म्हटलंय, कारण ते शंभर वर्षंही टिकलेलं दिसतं. पण मनाला म्हणू नका. रानातलं माकड एक फांदी सोडतं, दुसरी धरतं, तसं रात्रंदिवस मनात एक उपजतं, दुसरं विझतं. वर्गात हे रुक्ष वाटायचं. आईच्या उशाशी बसून वाचलं तेव्हा लक्षात आलं, की मी शोधत होते ती न बदलणारी आई तिच्या धडधाकट दिवसांतही कधी नव्हती. बोटं आवळणारी होती, आणि ती खरी होती.

मग मरणानंतर सगळं संपतं का? तेही बुद्ध म्हणत नाहीत. नंतरच्या ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात मिलिंद राजाला नागसेन भिक्षू विचारतात, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच नव्हे, आणि वेगळीही नव्हे. पुढे असंग आणि वसुबंधू या आचार्यांच्या योगाचार या बौद्ध पंथात ‘आलयविज्ञान’ आलं, म्हणजे कर्मांचे संस्कार धरून ठेवणारी मनाच्या तळची जाणीव. आलय म्हणजे साठवण, त्यामुळे लोकांना ते कोठार वाटतं. वसुबंधू मात्र ते ओघासारखं वाहतं असं सांगतात, आणि अर्हत्त्वात, म्हणजे क्लेशांतून पूर्ण सुटल्यावर, ते निवर्ततं असंही. जे थांबतं त्याला विश्वचैतन्य कसं म्हणावं?

आकाशिक नोंदींची कल्पना थिऑसॉफी या पाश्चात्त्य गूढवादी चळवळीच्या परंपरेतून पसरली. थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झाली. तिचे सदस्य सिनेट यांचं ‘एसोटेरिक बुद्धिझम’ (गूढ बौद्धमत) हे पुस्तक १८८३ मध्ये निघालं, आणि त्या नावामुळे हीच बुद्धांची गुप्त शिकवण असं अनेकांना वाटलं. सोसायटीच्या एक संस्थापक असलेल्या खुद्द ब्लाव्हाट्स्की बाईंनी १८८८ मध्ये लिहिलं, की ते नाव दिशाभूल करणारं आहे. त्यांना अभिप्रेत असलेला ‘बुध’ म्हणजे ज्ञान, बुद्धाचा धर्म नव्हे. त्यांचा विचार तुम्हाला पटत असेल तर तो त्यांच्या नावानं माना, माझी हरकत नाही. बुद्धांच्या नावावर मात्र नको.

आता प्रकाशाचं. पाली भाष्यकार बुद्धघोषांनी ५व्या शतकात ‘विसुद्धिमग्ग’ हा साधनेवरचा ग्रंथ लिहिला. त्यात विपश्यनेत आड येणाऱ्या दहा उपक्लेशांची, म्हणजे मन मळवणाऱ्या गोष्टींची, यादी आहे, आणि तिच्यात पहिलाच ‘ओभास’ आहे, म्हणजे प्रकाश. तो दिसणं वाईट नाही; ‘मला साधलं’ असं वाटून साधक तिथेच रेंगाळतो, हा धोका. घाबरू नका, त्याचा अर्थही लावत बसू नका. दिसला, एवढं जाणा आणि श्वासाकडे परत या. आईची आठवण आली तर तीही येऊ द्या. तिला हाकलायला बुद्धांनी सांगितलेलं नाही.