पंप घरी ठेवून नुसता गॅस? जरा थांबा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिलीच २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड), हायब्रिड सायकल, ७०० बाय ३२ चे, म्हणजे ३२ मिमी रुंदीचे टायर. ग्रुपमधले म्हणतात, पंपाचं ओझं कशाला, सीओटूची, म्हणजे टायर झटक्यात फुगवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची, दोन नळकांडी टाक सीटखालच्या सॅडल बॅगमध्ये. टाकू का?

टाका की. पण पंप घरी ठेवू नका.

आधी हिशोब बघू. १६ ग्रॅमच्या नळकांड्यातला वायू मोकळा सोडला तर जेमतेम नऊ लिटर भरतो. २५ मिमीच्या टायरच्या पोटात साधारण एक लिटर जागा असते, त्यामुळे तो शंभर पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) पुढे सहज जातो. तुमच्या ३२ च्या पोटात दीड लिटरहून थोडी जास्त जागा आहे, म्हणजे हाती लागतील ७०-७५. तेवढे पुरतात. २९ इंची एमटीबीच्या (डोंगरी सायकलच्या) जाड टायरला मात्र तेच नळकांडं पंचविशीच्या आसपास नेऊन सोडतं. एकूण काय, तुमच्यासाठी एक नळकांडं म्हणजे एकदाच हवा. अर्ध्यात चूक झाली तर ते गेलं.

आणि चूक होते. माझी कशी झाली ते ऐका. पुणे-सातारा रस्ता, खंबाटकी उतरून सुरूर फाट्याकडे निघालेलो, दिवस मावळायला आलेला. मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, नळकांडं लावलं, फुस्स, दोन सेकंदांत टायर दगडासारखा. काय तो रुबाब! तीन किलोमीटरवर पुन्हा तेच. ट्रकच्या फुटक्या टायरमधली केसाएवढी तार माझ्या टायरमध्ये तशीच रुतून होती. हवा दोन सेकंदांत भरता येते या तोऱ्यात मी टायर आतून चाचपलाच नव्हता. दुसरी ट्यूब, दुसरं नळकांडं. या वेळी तार काढली, हवा भरली, आणि व्हॉल्व्हवरून हेड (नळकांडं व्हॉल्व्हला जोडणारं तोंड) सोडवायला गेलो तर ते गारठून घट्ट बसलेलं. जोर लावला. हेडबरोबर प्रेस्टाची (सायकलच्या बारीक व्हॉल्व्हची) आतली कोअरही फिरून बाहेर आली आणि सगळी हवा खंबाटकीच्या दिशेने परत गेली.

फाट्यापर्यंत सायकल ढकलली. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर होता, पण त्याचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं, आणि अ‍ॅडॅप्टर माझ्याकडे नाही. शेवटी मागून आलेल्या एका काकांनी बॅगेतून पंप काढून दिला. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून ऐका. गॅस वाचवतो तो फक्त पंप मारायचा वेळ. काटा किंवा तार शोधायचा वेळ तो वाचवत नाही, आणि पंक्चरमध्ये खरा वेळ तिथेच जातो. टायरच्या आतून बोटं हळूच फिरवा, बोटांचा भरवसा नसेल तर कापूस फिरवा, तारेला लगेच अडकतो. २०० ला साडेतेरा तास असतात. त्यात पंपाची पाच-सात मिनिटं गेली तर काही बिघडत नाही. रेसमध्ये असाल तर गोष्ट वेगळी.

आता वापरायचं कसं. घरी निघण्यापूर्वीच व्हॉल्व्हची कोअर घट्ट आहे का ते बघा. माझं सगळं रामायण तिथेच टळलं असतं. नवी ट्यूब बसवण्याआधी पंपाने किंवा तोंडाने थोडी हवा भरून तिला आकार द्या, नाहीतर ती टायर आणि रिमच्या मध्ये चिमटते आणि गॅस सोडल्यावर थेट धडाका. प्रेस्टाच्या टोकावरचा छोटा नट सैल करून एकदा दाबून मोकळी करा. मग हेड लावा, थोडाच गॅस सोडा आणि थांबा. टायर दोन्ही बाजूंनी रिममध्ये सारखा बसलाय का ते चाक फिरवून बघा. मगच उरलेला सोडा. हेड नॉबवालं घ्या, म्हणजे असं थांबता येतं. नॉब नसलेल्या काहींत एकदा भोक पडलं की सगळा गॅस जाईपर्यंत थांबत नाही.

उघड्या हाताने नळकांडं धरू नका. आतला द्रव उकळून वायू होताना उष्णता नळकांड्यातूनच ओढतो, बाहेर पांढरा बर्फ धरतो आणि कातडी चिकटते. सोबत फोमचं कव्हर येतं, ते हरवलं तर मोजा चालतो.

घरी आल्यावर हा वायू काढून फ्लोअर पंपाने साधी हवा भरा. कार्बन डायऑक्साइड ट्यूबच्या रबरातून हवेपेक्षा बराच लवकर झिरपतो. रविवारी टणक असलेला टायर सोमवारी मऊ लागला तर ते नवं पंक्चर समजून ट्यूब बादलीत बुडवत बसू नका. मी बसलोय.

ट्यूबलेसवाल्यांसाठी गॅस खरंच कामाचा. टायर रिमवर बसायला जो एकदम झटका लागतो तो छोट्या पंपातून येत नाही. फक्त काही सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारे द्रव) या थंड गॅसने गुठळ्या धरतात, तेव्हा भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा.

खरेदी करताना आट्यांचं नळकांडं आणि आट्यांचं हेड अशी जोडी जुळवून घ्या. सोडा सायफनची ८ ग्रॅमची स्वस्त मिळतात, पण त्यांना आटे नसतात आणि गॅस निम्माच. हेड आणि नळकांडं बॅगेत वेगवेगळं ठेवा, जोडून ठेवलं तर एखाद्या खड्ड्यात आपोआप भोक पडायचं. एप्रिल-मे मध्ये उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको.

तर तुमच्या सॅडल बॅगेत: दोन ट्यूब, लिव्हर, पॅच, छोटा पंप, एक नळकांडं आणि प्रेस्टाचा पितळी अ‍ॅडॅप्टर. तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो आणि हायवेवरचा प्रत्येक पंक्चरवाला तुमचा होतो. फक्त त्याला सांगा, टिचकी मारल्यासारखी हवा सोड. ट्रकच्या सवयीने सोडली तर ट्यूब फुटेल.

विमानाने सायकल नेणार असाल तर एअरलाइनला आधी विचारा. चार छोटी नळकांडी परवानगीने नेता येतात, पण परवानगीशिवाय नेलीत तर सिक्युरिटीवर ठेवून द्यावी लागतात. रिकामी नळकांडी घाटात टाकू नका, पोलाद आहे ते, भंगारवाला घेतो.