वाचकांचे प्रश्न : फिजीचे रग्बीपटू परदेशात

प्रश्न : ऑलिम्पिकमध्ये फिजीची रग्बी पाहिली. एवढ्याशा देशातले इतके खेळाडू फ्रान्सच्या क्लबांत पोचतात कसे?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : 2011 च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची वस्ती 14 लाख 86 हजारांवर होती. फिजीची सगळी बेटं मिळून सुमारे 9 लाख. तरी 2016 ला रिओत आणि 2021 ला टोकियोत सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचं, सुवर्णपदक त्यांनीच नेलं. क्लबांची नजर अनेकदा पहिल्यांदा तिथेच पडते.

दुसरी वाट कोवळ्या वयातली. फ्रान्सच्या ‘टॉप 14’ लीगमध्ये सामन्याच्या 23 जणांच्या यादीत, हंगामाच्या सरासरीने, 16 खेळाडू ‘जिफ’ म्हणजे फ्रान्समध्येच घडलेले लागतात. इथे पासपोर्ट बघत नाहीत. ठरलेल्या वयाच्या आत मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात 3 हंगाम काढले की फिजीचा मुलगाही जिफ ठरतो. म्हणून 26 वर्षांच्या तयार खेळाडूपेक्षा 18-19 वर्षांचा पोरगा क्लबला जास्त हवासा वाटतो. क्लेरमाँ या फ्रेंच क्लबने तर थेट फिजीत अकादमी चालवली. नोआ नाकाइताची आणि अलिवेरेती राका त्याच वाटेने आले आणि दोघेही पुढे फ्रान्सकडून खेळले.

2022 पासून ‘फिजियन ड्रुआ’ हा संघ सुपर रग्बी पॅसिफिक या न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या संघांच्या व्यावसायिक स्पर्धेत आहे आणि फिजीतल्या सुवा, लौटोकाला घरचे सामने खेळतो. देश न सोडता व्यावसायिक खेळता येणं, ही आमच्या मते या सगळ्यातली सर्वांत चांगली घडामोड.

प्रश्न : सेव्हन्स गाजवणारा खेळाडू पंधराच्या संघात का चाचपडतो?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : सेव्हन्सचा सामना 14 मिनिटांचा, पंधराचा 80 मिनिटांचा. पण दमापेक्षा अडचण जागेची असते. विंगवरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेला खेळणाऱ्या, नव्या खेळाडूमागे प्रतिस्पर्धी मुद्दाम उंच किक टाकतात. तो पुढे सरकून उभा राहिला असेल तर चेंडू डोक्यावरून जातो, मागे राहिला तर समोर धावायला रान मोकळं. हा अंदाज यायला एखादा हंगाम जातो. शिवाय फ्रान्सच्या हिवाळ्यात चेंडू ओला असतो. टॅकल होताहोता, म्हणजे समोरचा धरून पाडत असताना, एका हाताने दिलेला पास, म्हणजे फिजीचा प्रसिद्ध ऑफलोड, हातातून निसटतो आणि समोरच्यांना स्क्रम मिळतो, म्हणजे दोन्ही संघांच्या रेटारेटीने खेळ पुन्हा सुरू होतो आणि चेंडू त्यांच्या हाती. फिजीच्याच लेओने नाकारावाने मात्र ऑफलोड सोडला नाही. तो आधी दुसरा हात मोकळा करून घ्यायचा, मग पास द्यायचा. 2018 मध्ये तो युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

प्रश्न : परदेशी करारात हे खेळाडू फसतात असं ऐकलं. नेमकं कुठे?
– एक विधी विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : सगळ्यात आधी आकड्यात. फ्रान्समध्ये करारात पगार ढोबळ, म्हणजे कपातीआधीचा, लिहितात. 4000 युरो लिहिले असतील तर सामाजिक वर्गणी कापून हातात साधारण 3100 येतात, आणि 2019 पासून प्राप्तिकरही पगारातूनच कापला जातो. खेळाडूने घरी मात्र 4000 सांगितलेले असतात. त्यावर भावंडांची फी, गावचं चर्च, मयतीचा खर्च असा सगळा हिशेब उभा राहतो. त्यात पॅसिफिकमध्ये पैसे पाठवण्याचं शुल्क जगातल्या महागड्यांत मोडतं. दर आठवड्याला थोडे थोडे पाठवण्याऐवजी महिन्यातून एकदा ठरावीक रक्कम पाठवलेली बरी.

मग मुदत बघावी. ‘मेडिकल जोकर’ हा करार जखमी खेळाडूच्या जागी असतो आणि थोड्या महिन्यांचाच असतो. एका हंगामाचा करारही धोक्याचा, कारण गुडघ्यातला क्रूशिएट लिगामेंट (सांधा धरून ठेवणारा बंध) तुटला तर परतायला साधारण 9 महिने लागतात आणि तोवर करार संपलेला असतो. म्हणून पगार थोडा कमी चालेल, पण दोन हंगामांचा करार मागावा. क्लब खालच्या श्रेणीत गेला तर करार टिकतो का, हे कलम वेगळं वाचावं. एजंटचं कमिशन फ्रेंच कायद्याने कराराच्या 10 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. त्याहून जास्त मागणाऱ्याला तिथेच नमस्कार.

देशाकडून खेळण्याचंही पाहावं. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या ठरलेल्या काळात खेळाडूला सोडणं क्लबवर बंधनकारक आहे आणि त्याला अडवणं नियमबाह्य आहे. तरीही ‘देशाकडून खेळणार नसशील तर जास्त देऊ’ अशी बोलणी झाल्याची तक्रार पॅसिफिकच्या खेळाडूंनी वारंवार केली आहे. हे कागदावर येत नाही, म्हणून असं बोलणं झालं की साक्षीदार ठेवावा. दुसऱ्या देशाची जर्सी घालायची तर आता 5 वर्षांचं वास्तव्य लागतं, पूर्वी 3 होतं. एकदा घातली की आई-वडील, आजी-आजोबा किंवा जन्म यांच्या नात्याने देश बदलता येतो, पण 3 वर्षं थांबून आणि एकदाच.

प्रश्न : मुलगा 17 वर्षांचा, कबड्डी चांगली खेळतो. रग्बीत परदेशी जाईल का?
– एक पालक, सिडको

उत्तर : थेट फ्रान्सचा विचार आत्ता नको. आधी राज्य संघाची निवड, मग राष्ट्रीय स्पर्धा. जून 2025 मध्ये मुंबईत सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग सुरू झाली. ती सेव्हन्सच्या धर्तीची आहे आणि तिथे परदेशी खेळाडूही असतात. परदेशी प्रशिक्षकाच्या नजरेत येण्याचा आज हाच जवळचा रस्ता.

कबड्डीतली मांडीची पकड रग्बीत सोन्यासारखी आहे. नुसता घोटा धरला तर मात्र समोरचा पडतापडता पास देऊन मोकळा होतो. पकडताना गाल धावणाऱ्याच्या कुल्ह्याला मागच्या बाजूने चिकटलेला हवा. डोकं पुढे, त्याच्या गुडघ्यांच्या वाटेत गेलं की मेंदूला मार बसतो. खांद्याच्या वरची पकड म्हणजे पेनल्टी, अनेकदा पिवळं कार्डही. पहिले दोन महिने टॅकल गुडघ्यावर बसून, मग चालत, मग धावत शिकवा. दातांचं गमशील्ड तयार घेऊ नका. दंतवैद्याकडून मापाचं करून घ्या, कारण सैल असेल तर मुलं ते खेळताना काढून मोज्यात खोचतात.