‘रेड इंडियन’ऐवजी काय लिहावे?

प्रश्न असा आहे: जुन्या वेस्टर्न चित्रपटांवर लेख लिहिताना ‘रेड इंडियन’ म्हणावे का, आणि नको असेल तर मराठीत दुसरा शब्द कोणता?

माझ्या मते म्हणू नये. ‘रेड’ कातडीच्या रंगावरून आला आणि ‘इंडियन’ कोलंबसाच्या १४९२ च्या गैरसमजातून. मराठीत नुसते ‘इंडियन’ म्हटले की आपणच डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे रंगाची जोड इथे सोयीची वाटली आणि टिकली. ‘मूळ अमेरिकन’ किंवा ‘अमेरिकेतले मूळनिवासी’ सहज चालेल. ‘अमेरिकन इंडियन’ त्यांच्यातले पुष्कळजण स्वतःही वापरतात; वॉशिंग्टनमध्ये २००४ साली उघडलेल्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या नावात तेच शब्द आहेत. तेव्हा संस्थेचे नाव किंवा पात्राच्या तोंडचा संवाद देताना मूळ शब्द बदलू नये.

पण चित्रपटांवर लिहायचे असेल तर यांतला एकही शब्द पुरत नाही. तिथे जमातीचे नावच हवे, आणि तेही दोनदा: पात्र कोणत्या जमातीचे आणि नट कोणत्या जमातीचा. कारण हॉलीवूडने नेमकी हीच सरमिसळ केली. दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी अमेरिकेतल्या युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीत चित्रीकरण केले. तो मुलूख नावाहो लोकांचा. (स्पॅनिश वळणाने ‘ज’चा ‘ह’ होतो, म्हणून ‘नवाजो’ लिहू नये.) ‘स्टेजकोच’मध्ये (१९३९) हेच नावाहो लोक पडद्यावर अपाची जमातीचे झाले. ते एक वेळ जवळचे, कारण दोघांच्या भाषा एकाच अथाबास्कन कुळातल्या. ‘द सर्चर्स’मध्ये (१९५६) ते टेक्सासचे कोमांची झाले, ‘शायेन ऑटम’मध्ये (१९६४) शायेन. शायेन भाषा अल्गॉन्क्वियन कुळातली, नावाहोशी तिचे नाते नाही. तरी पडद्यावरचे शायेन बोलतात ते नावाहोच. हा सगळा प्रकार ‘रेड इंडियन’ म्हटल्याबरोबर दिसेनासा होतो.

मोठ्या भूमिका तर मूळ अमेरिकन नटांच्या वाट्याला क्वचितच आल्या. ‘द सर्चर्स’मधला कोमांची सरदार स्कार साकारला जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडन यांनी. ‘ब्रोकन ॲरो’ (१९५०) हा अपाचींकडे सहानुभूतीने पाहणारा चित्रपट म्हणून नावाजला गेला, आणि ते कौतुक मला योग्यच वाटते. पण त्यातला अपाची नेता कोचीज म्हणजे ब्रुकलिनमधल्या ज्यू घरातले जेफ चँडलर. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. त्याच चित्रपटात कॅनडातल्या सिक्स नेशन्स या मूळनिवासींच्या राखीव प्रदेशात जन्मलेले मोहॉक जमातीचे नट जे सिल्व्हरहील्स जेरोनिमो या अपाची लढवय्याच्या छोट्या भूमिकेत आहेत. दूरचित्रवाणीवरच्या ‘लोन रेंजर’ मालिकेतला नायकाचा साथीदार टोंटो म्हणून लोक त्यांना ओळखतात. त्यांच्याविषयी ‘रेड इंडियन नट’ असे लिहिले, तर मोहॉक माणसाला अपाचीची भूमिका मिळाली आणि मुख्य अपाची मात्र गोऱ्या नटाकडे गेला, हे वाचकाला कळणार कसे?

म्हणून तुमच्या लेखात ‘कोचीज या अपाची नेत्याच्या भूमिकेत जेफ चँडलर, जेरोनिमोच्या भूमिकेत मोहॉक नट जे सिल्व्हरहील्स’ असे सरळ लिहा. वाक्य थोडे लांबेल, ते लांबू द्या. नट कोणत्या जमातीचा हे सापडलेच नाही, तर ‘मूळ अमेरिकन नट’ म्हणा.