वहीत अंगठा आहे म्हणून शेठला पैसे द्यावे लागतात का?

दादा, तुमचं सगळं वाचलं. थोडक्यात असं की चुलतभाऊ आणि वहिनी जव्हारहून भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेले, गणपतीत २५ हजार बयाणा घेतलेला, पहाटेपासून विटा पाडायच्या आणि हातात फक्त आठवड्याची ५०० रुपये खर्ची, घरी मयत झालं तरी सोडलं नाही वर मारहाण, शेवटी रात्री पळून आले. आता शेठ म्हणतो वहीत ४० हजार निघतात, द्या नाहीतर ४२० म्हणजे फसवणुकीची केस टाकतो. पोलिसांनी नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद दिली.

पहिलं म्हणजे शेठला एक रुपया देऊ नका, फोनपे पण नाही. वेठबिगारीचा कायदा १९७६ चा आहे, त्यात असलं कर्ज आपोआप मिटतं, आणि मिटलेलं कर्ज वसूल केलं तर त्यालाच ३ वर्षांपर्यंत जेल. वहीत अंगठा आहे? असू दे. हे वेठबिगारीचं कर्ज नाही हे शाबित करायचं काम कलम १५ ने शेठवर टाकलंय. आणि ४२० तर नवीन कायद्यात राहिलंच नाही, ३१८ झालं, शेठ लोकांना अजून जुनाच आकडा पाठ आहे!

एनसी चुकीची आहे, हा दखलपात्र गुन्हा आहे, एफआयआरच पाहिजे. फसवून नेलं, धमकावून राबवलं असं जबाबात नीट आलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १४३, म्हणजे मानवी तस्करी पण लागते. 'मर्जीने गेले होते' हा बचाव तिथे चालत नाही. तुम्ही आदिवासी, आणि शेठ अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर अॅट्रॉसिटी पण लावायला सांगा.

पण पोलीस स्टेशनच्या चकरा मारत बसण्याआधी भिवंडीच्या प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज टाका, पोच घ्या, आणि मुक्तता प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद मागा. सगळी सरकारी मदत त्या कागदावर अडते. तातडीचे ३० हजारांपर्यंत, पुढे पुरुषाला १ लाख, बाईला २ लाख, तस्करीसारख्या गंभीर प्रकरणात ३ लाख. मोठी रक्कम मात्र लगेच हातात पडत नाही, कोर्टाचं लफडं मागे असतं, त्यामुळे त्या भरवशावर उसने घेऊ नका. वकील फुकट मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा, तस्करी किंवा वेठबिगारीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

अजून एक, भट्टीवर नवराबायको म्हणजे एक 'जोडी', हिशोब नवऱ्याच्या नावावर, आणि सरकारी अर्जात पण तसंच गुंडाळतात. वहिनीचा अर्ज वेगळा, जबाब वेगळा, प्रमाणपत्र पण तिच्या नावाचं वेगळं घ्या.